रग्बी सेव्हन्स: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगची स्पर्धा जवळ आली, ऑलिंपिक सुरू झालं किंवा कुणाच्या मुलाने शाळेतून अंडाकृती चेंडू घरी आणला, की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येऊ लागतात. आम्ही म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागातली काही हौशी मंडळी. देशादेशांमधल्या रग्बी सेव्हन्सच्या स्पर्धा एकत्र बसून बघतो आणि बघताना भांडतो. आलेले प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. एक गोष्ट दोनदा सांगितलेली नाही. जिथे क्रमांक दिलाय तिथे तो प्रश्न वाचावा.

1. सेव्हन्स म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीची छोटी आवृत्तीच ना?

नियमांच्या पुस्तकात तसंच आहे, मैदानावर अजिबात नाही. मैदान तेच राहतं, गोललाइनपासून गोललाइनपर्यंत जास्तीत जास्त 100 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. माणसं मात्र एका बाजूला पंधराऐवजी सात. हिशेब केला तर पंधराच्या खेळात माणशी साधारण 230 चौरस मीटर जागा येते, इथे 500. त्या जादा जागेतच सगळा खेळ आहे. पंधराच्या रग्बीत ताकदीने भिंत फोडायची असते. सेव्हन्समध्ये भिंत नसतेच, सात माणसांच्या मधल्या फटी असतात आणि त्या सारख्या हलत असतात.

हा प्रकार निघाला स्कॉटलंडच्या मेलरोज गावी, 1883 मध्ये. क्लबला पैशाची चणचण होती, म्हणून एका दिवसात बऱ्याच संघांचे सामने उरकतील अशी स्पर्धा भरवायचं ठरलं. कल्पना नेड हेग नावाच्या खाटकाची.

नवख्या प्रेक्षकाला आमचा सल्ला एकच: चेंडूकडे टक लावून बसू नका, मैदानाची कुठली कड रिकामी पडतेय ते बघा. चेंडू दोन पासनंतर तिथेच येणार असतो.

2. सामना खरंच 14 मिनिटांत संपतो?

हो. सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. दुखापती आणि किक यांचा वेळ धरून वीसेक मिनिटांत पुढचे दोन देश मैदानात हजर. एक संघ दिवसाला दोन-तीन सामने खेळतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी पाय कोणाचे चालतात यावर बरंच काही ठरतं. घड्याळ संपल्यावरही खेळ का चालू राहतो, त्यासाठी प्रश्न 13.

3. गुण कसे मोजतात?

प्रतिस्पर्ध्याच्या गोललाइनपलीकडे चेंडू नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय, 5 गुण. नुसता पलीकडे नेऊन चालत नाही, टेकवावा लागतो. ट्रायनंतर मिळणारी किक म्हणजे कन्व्हर्जन, 2 गुण. पेनल्टीवर किंवा चालू खेळात खांबांमधून किक मारली तर 3, पण सेव्हन्समध्ये हे फारच क्वचित दिसतं. पाच-सात गुणांची शक्यता समोर असताना तिनावर कोण समाधान मानेल?

कन्व्हर्जनकडे मात्र नीट लक्ष द्या. पंधराच्या खेळात चेंडू जमिनीवर उभा करून निवांत मारता येतो. इथे ड्रॉप-किक मारावी लागते, म्हणजे चेंडू हातातून सोडायचा, त्याचा टप्पा पडला की लगेच लाथ, आणि तीही ट्रायनंतर 30 सेकंदांच्या आत. किक मारायची ती चेंडू जिथे टेकवला त्या जागेच्या सरळ रेषेत मागे येऊन. म्हणूनच गोललाइन ओलांडलेला खेळाडू लगेच चेंडू टेकवत नाही, मागे कुणी नसेल तर वळून खांबांच्या मध्यापर्यंत पळत जातो. आमच्याकडे पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण या वेळी "अरे, टेकव ना!" म्हणून ओरडतो. तो दोन गुणांची सोय करत असतो. कोपऱ्यातून ड्रॉप-किक घालणं चांगल्या चांगल्यांना जमत नाही, आणि हेच दोन गुण पुढे किती महाग पडतात ते प्रश्न 12 मध्ये दिसेल.

एक अपवाद: नक्की होणारा ट्राय प्रतिस्पर्ध्याने नियम मोडून अडवला, तर पंच पेनल्टी ट्राय देतात. त्याचे सरळ 7 गुण, किक मारायची गरजच नाही.

4. समोर मोकळा साथीदार असताना मागे पास का देतात?

हाताने पुढे पास देणं नियमात बसत नाही. मागे किंवा आडवाच द्यायचा. लाथेने पुढे मारता येतो. चेंडू हातातून निसटून पुढे पडला तरी चूक, आणि बहुधा समोरच्या संघाला स्क्रम मिळतो.

5. आपण कबड्डीवाले. पकड आपल्याला येतेच. टॅकल म्हणजे तेच ना?

हा प्रश्न बडोद्यातूनच येणार, आणि यायलाच हवा. 1923 साली इथल्याच हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापले आणि त्या नियमांवर अखिल भारतीय स्पर्धा भरवली. त्यामुळे पकडीबद्दल आपल्याला कुणी शिकवायला आलं की राग येतो.

अर्धं उत्तर "हो" असं आहे. घोट्याला धरणं, मांड्या आवळून माणूस खाली आणणं, कोनातून येऊन त्याला रेषेकडे ढकलत नेणं हे सगळं चालतं आणि कबड्डी खेळलेल्याला ते लवकर साधतं. घोळ होतो तो त्यानंतर. कबड्डीत एकदा धरला की शेवटपर्यंत सोडायचा नाही, दम तुटेपर्यंत. रग्बीत माणूस जमिनीवर पडला की टॅकल करणाऱ्याने त्याला ताबडतोब सोडायचं आणि बाजूला सरकायचं. पडलेल्यानेही चेंडू सोडायचा. न सोडल्यास पेनल्टी. आपल्याकडच्या मुलांना टॅकल करायला शिकवावं लागत नाही, सोडायला शिकवावं लागतं.

आणि काही गोष्टी अजिबात चालत नाहीत: खांद्याच्या रेषेच्या वर हात घालणं, चेंडू नसलेल्याला धरणं, उडी मारून चेंडू झेलत असलेल्याला हवेत धडकणं, उचलून डोक्यावर आपटणं. एक धरतोय तोवर दुसऱ्याने येऊन आवळायचं, ही साखळी पकडीची सवय इथे महागात पडते. दोघे एका माणसावर गेले की मागे राहिले पाच, आणि मैदान तेवढंच रुंद.

6. ती सगळे वाकून डोकी घालतात ती भानगड?

स्क्रम. किरकोळ चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करायची पद्धत. पंधराच्या खेळात एका बाजूचे आठ जण असतात, इथे तीन. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन रांगा करून वर फेकतात तो लाइनआउट. सेव्हन्समध्ये दोन्ही गोष्टी पटकन आटोपतात.

7. ज्यांनी गुण केले तेच पुन्हा किक-ऑफ का करतात? पंधराच्या खेळात उलटं बघितलंय.

बरोबर बघितलंय. पंधराच्या खेळात गुण खाल्लेला संघ किक-ऑफ करतो, सेव्हन्समध्ये गुण केलेला. चौदा मिनिटांत एका संघाने चेंडू हातचा सोडलाच नाही तर दुसऱ्याला खेळायलाच मिळणार नाही, म्हणून चेंडू त्याच्याकडे जाण्याची सोय.

अर्थात सोय म्हणजे हमी नव्हे. चेंडू दहा मीटर पुढे गेला पाहिजे, एवढीच अट. चांगला किकर तो उंच उडवून अकराव्या-बाराव्या मीटरवर उतरवतो, तोवर त्याचे दोन उंच साथीदार खाली पोहोचलेले असतात आणि चेंडू परत त्यांच्याच हातात. दहा मीटरच्या आत पडला किंवा थेट रेषेबाहेर गेला तर समोरच्यांना मैदानाच्या मध्यावर फ्री-किक. कुठला देश चांगला आणि कुठला ग्रेट, हे ओळखायला आम्ही ट्राय मोजत नाही, किक-ऑफ मोजतो.

8. डोक्यावर हेल्मेट का नसतं?

ते अमेरिकन फुटबॉलमध्ये. रग्बीत दातांसाठी माउथगार्ड आणि हवी असल्यास मऊ टोपी, एवढंच. मुलांच्या सुरक्षेबद्दल प्रश्न 20.

9. देशादेशांच्या स्पर्धा नेमक्या कुठल्या? नावं ऐकून गोंधळ होतो.

चार-पाच वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात, म्हणून सुट्या करून सांगतो.

दर मोसमात वेगवेगळ्या शहरांत होणारी मालिका ही रोजची भाकरी. ती 1999-2000 मध्ये सुरू झाली, पहिली न्यूझीलंडने जिंकली. आता तिला एसव्हीएनएस म्हणतात (‘सेव्हन्स’ या इंग्रजी शब्दातलीच अक्षरं). संघांची संख्या आणि रचना दर थोड्या वर्षांनी बदलते, म्हणून जुन्या मोसमाचा तक्ता बघून नवीन मोसमाबद्दल पैज लावू नका.

सेव्हन्सचा विश्वचषक 1993 मध्ये एडिंबरोला सुरू झाला. करंडकाचं नाव मेलरोज कप, त्या गावावरून. पहिला इंग्लंडने नेला. महिलांचा पहिला विश्वचषक 2009 मध्ये दुबईला, तो ऑस्ट्रेलियाने जिंकला, आणि त्याच वेळी पुरुषांत वेल्सने सगळ्यांना चकित केलं. 2022 मध्ये केपटाउनला पुरुषांत फिजी, महिलांत पुन्हा ऑस्ट्रेलिया.

ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स घ्यायचं 2009 मध्ये ठरलं आणि 2016 ला रिओत प्रत्यक्ष आलं. त्याआधी 1924 पर्यंत पंधराचं रग्बी ऑलिंपिकमध्ये होतं आणि 1920 व 1924 ची सुवर्णपदकं अमेरिकेकडे आहेत, यावर आमच्याकडे अजूनही कुणाचा विश्वास बसत नाही. सेव्हन्सचे पुरुष विजेते: 2016 आणि टोकियोत फिजी, 2024 ला पॅरिसमध्ये फ्रान्स. महिला: रिओत ऑस्ट्रेलिया, नंतर दोन्ही वेळा न्यूझीलंड.

राष्ट्रकुल खेळांत 1998 पासून, आशियाई खेळांतही 1998 पासून. आशियाई पातळीवर याशिवाय वेगळी सेव्हन्स मालिका चालते, आणि भारताचा पत्ता तिथे लागतो (प्रश्न 17).

10. हाँगकाँगच्या स्पर्धेचं एवढं कौतुक का? मालिकेतलीच एक ना?

मालिकेतली असली तरी मालिकेहून जुनी. 1976 ला हाँगकाँग फुटबॉल क्लबवर बारा संघ जमवून सुरू झाली. त्या काळी सेव्हन्सला गंभीरपणे घेणारं कुणी नव्हतं. टोंगा, फिजी, सामोआ अशा बेटांना मोठ्या देशांशी बरोबरीने खेळायची जागा हाँगकाँगने दिली. पुढे हा खेळ ऑलिंपिकपर्यंत गेला त्यात या स्पर्धेचा वाटा सगळ्यात मोठा, असं आमचं मत.

कौतुकाचं दुसरं कारण साउथ स्टँड. तिथे लोक चित्रविचित्र वेश करून येतात आणि दिवसभर गातात. 2025 पासून स्पर्धा काई टाकच्या नव्या, सुमारे 50,000 प्रेक्षकांच्या, उघडझाप होणाऱ्या छताच्या स्टेडियमवर गेली. काई टाक म्हणजे जुन्या विमानतळाची जागा.

11. फिजीएवढा चिमुकला देश एवढा भारी कसा?

लोकसंख्या दहा लाखांच्या आत, म्हणजे आपल्या बडोद्याहून कमी. पण तिथे हा खेळ गावागावात, समुद्रकाठच्या वाळूत, मिळेल त्या गोष्टीचा चेंडू करून खेळला जातो. वाळूत पळून पाय घडतात आणि जागा कमी असल्याने टॅकल होता होता एका हाताने पास द्यायची सवय लागते. त्या पासला ऑफलोड म्हणतात. बाकीचे देश तो सरावाने शिकतात, फिजीची पोरं तो खेळता खेळता उचलतात.

रिओच्या अंतिम सामन्यात त्यांनी ग्रेट ब्रिटनला 43–7 असं धुतलं. फिजीचं ते कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. त्यांच्या रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये त्या आठवणीसाठी चक्क सात डॉलरची नोट काढली. पॅरिसच्या अंतिम फेरीपर्यंत ऑलिंपिकमध्ये ते एकही सामना हरले नव्हते. तिथे मध्यंतराला 7–7 होतं, मग फ्रान्सने पंधराच्या रग्बीतला आपला मोठा खेळाडू आंतुआन द्युपों मैदानात उतरवला आणि सामना 28–7 झाला.

12. दोन सामने जिंकूनही संघ गटात तिसरा कसा येतो? आणि जिंकलेला सामना असताना शेवटच्या सेकंदाला ट्रायसाठी जीव का काढतात?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, म्हणून एकत्र.

गटात विजयाला 3 गुण, बरोबरीला 2, पराभवाला 1. मैदानात आलाच नाहीत तर 0. ऑलिंपिकमध्ये बारा संघ, चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिन्ही गटांतल्या तिसऱ्या क्रमांकांपैकी चांगले दोन, असे आठ उपांत्यपूर्व फेरीत.

आता देश बाजूला ठेवू आणि आपल्याच गल्ल्या घेऊ. एका गटात मांडवी, रावपुरा, वाडी आणि सयाजीगंज. मांडवीने रावपुऱ्याला 19–14 हरवलं, रावपुऱ्याने वाडीला 21–7, वाडीने मांडवीला 17–12. सयाजीगंज तिघांकडूनही हरलं: मांडवीकडून 33–7, रावपुऱ्याकडून 19–12, वाडीकडून 36–0.

तिघांचेही दोन विजय, एक पराभव, प्रत्येकी 7 गुण. दोघांचीच बरोबरी असती तर आपसातला सामना बघितला असता, पण इथे तिघांनी एकमेकांना हरवलंय. मग गटातल्या सगळ्या सामन्यांतला गुणफरक बघतात. मांडवी: अधिक 5, उणे 5, अधिक 26, एकूण अधिक 26. रावपुरा: उणे 5, अधिक 14, अधिक 7, एकूण अधिक 16. वाडी: उणे 14, अधिक 5, अधिक 36, एकूण अधिक 27.

वाडी पहिली, मांडवी एका गुणाने दुसरी. मांडवीने सयाजीगंजविरुद्ध पाच ट्राय केले आणि चारच कन्व्हर्जन घातली, म्हणून 33. पाचवी किक गेली असती तर 35, आणि गटात पहिला नंबर. पहिल्या नंबरला पुढच्या फेरीत बहुधा सोपा प्रतिस्पर्धी मिळतो. आणि दोन सामने जिंकलेला रावपुरा तिसरा, आता दुसऱ्या गटांतले तिसरे काय करतात याची वाट बघत बसला आहे.

तेव्हा 28–0 ने पुढे असलेला संघ शेवटच्या मिनिटालाही पळतो तो हौसेने नाही. आणि 28–0 ने मागे असलेला संघ एक ट्राय मिळवून उड्या मारतो, तोही वेडा नाही. गुणफरकही सारखा निघाला तर ट्रायचा फरक आणि असे पुढचे निकष लावतात.

13. घड्याळ शून्यावर आल्यावरही खेळ का चालू?

हूटर झाला म्हणून सामना संपत नाही. चेंडू खेळात असेपर्यंत खेळ चालतो; तो बाहेर गेला किंवा चुकीमुळे थांबला की संपतो. त्या वेळी पेनल्टी मिळाली तर तीही खेळता येते, आणि ट्राय झाला तर कन्व्हर्जनही घेतात.

पॅरिसमधला महिलांचा कांस्यपदकाचा सामना यासाठी पुन्हा पुन्हा बघावा. 30 जुलै 2024. ऑस्ट्रेलिया 12–7 ने पुढे, वेळ संपल्यात जमा, आणि चेंडू अमेरिकेच्या हातात पण त्यांच्याच गोललाइनजवळ. अशा वेळी किक मारून काही उपयोग नसतो. चेंडू गमावला की खेळ खलास. अ‍ॅलेक्स सेड्रिकने चेंडू घेतला, पहिल्या टॅकलमध्ये ती पडेल असं वाटलं, पडली नाही, दोघींच्या हातांतून सुटली आणि मग समोर अख्खं मोकळं मैदान. खांबांच्या मध्ये चेंडू टेकवला. 12–12. कन्व्हर्जनही तिनेच मारलं. 14–12, आणि सेव्हन्समधलं अमेरिकेचं पहिलं ऑलिंपिक पदक. ती कोपऱ्यात टेकवून मोकळी झाली असती तर किक किती अवघड गेली असती, ते प्रश्न 3 आठवून बघा.

14. बरोबरी झाली तर?

गटात बरोबरी तशीच राहते, दोघांना 2-2. बाद फेरीत पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ, आणि जो आधी गुण करेल तो जिंकला. इथे मात्र तीन गुणांच्या ड्रॉप-गोलला अचानक किंमत येते.

15. पिवळं कार्ड फक्त दोन मिनिटांचं? ही काय शिक्षा झाली?

दोन मिनिटं म्हणजे सामन्याचा सातवा भाग. तेवढा वेळ सहा जणांनी सत्तर मीटरची रुंदी झाकायची. चांगला संघ तेवढ्यात दोन ट्राय करतो. त्याच खेळाडूला दुसरं पिवळं मिळालं की लाल. लाल म्हणजे उरलेला सामना सहा जणांत. बदली खेळाडू पाच असतात, पण कार्ड मिळालेल्याच्या जागी कुणी येत नाही.

16. कधी इंग्लंड, कधी ग्रेट ब्रिटन, आणि आयर्लंड मात्र एकच. हे काय?

रग्बीत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स यांचे स्वतंत्र संघ असतात. ऑलिंपिकला ते नियमानेच ग्रेट ब्रिटन म्हणून एकत्र येतात, आणि 2022-23 च्या मोसमापासून मालिकेतही एकत्र उतरू लागले. राष्ट्रकुल खेळांत परत वेगळे. आयर्लंडचं उलट: राजकीयदृष्ट्या दोन भाग, रग्बीत एकच संघ, त्यात उत्तर आयर्लंडचेही खेळाडू. त्यामुळे जुन्या नोंदींत इंग्लंड आणि ग्रेट ब्रिटन यांची बेरीज करू नये.

17. भारताचा संघ आहे तरी का?

आहे. पुरुष आणि महिला दोन्ही. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल खेळांत आपण यजमान म्हणून खेळलो. सध्या आपला वावर आशियाई पातळीवर आहे, जपान, चीन, हाँगकाँग हे आपल्याहून पुढे. ऑलिंपिक अजून लांब आहे, उगाच आशा दाखवत नाही.

बघायचं तर मुलींकडे बघा. पंधराच्या खेळात भारतीय महिलांनी 2019 मध्ये मनिलाला सिंगापूरला 21–19 हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. ऑगस्ट 2025 मध्ये बिहारमधल्या राजगीरला 20 वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धा झाली, त्यात आपल्या मुलींनी कांस्य घेतलं. राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष अभिनेते राहुल बोस; ते स्वतः भारताकडून रग्बी खेळलेले आहेत.

जाता जाता: इंग्लंड-स्कॉटलंड दरवर्षी ज्या कलकत्ता कपसाठी भांडतात, तो आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले रुपये काढून, वितळवून 1878 मध्ये करंडक करून इंग्लंडला पाठवला. कड्यांना तीन नाग, झाकणावर हत्ती.

18. मुंबईची रग्बी प्रीमियर लीग बघितली. ती यातच मोडते?

नाही. ती फ्रँचायझी स्पर्धा. जून 2025 ला अंधेरीत पहिल्यांदा झाली, सहा संघ होते, चेन्नई बुल्स जिंकले. परदेशी खेळाडू आपल्या खेळाडूंसोबत एकाच संघात खेळतात. शिवाय तिथे चार-चार मिनिटांचे चार भाग असतात, त्यामुळे प्रश्न 2 मधला हिशेब तिला लावू नका.

19. सामने आपल्याकडे किती वाजता?

हाँगकाँग, सिंगापूर, पर्थ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे तिथला संध्याकाळचा अंतिम सामना आपल्या दुपारच्या चहाला. दुबई दीड तास मागे, केपटाउन साडेतीन तास मागे. अमेरिका-कॅनडातले सामने रात्रभर जागणाऱ्यांसाठी. प्रक्षेपणाचे हक्क बदलत राहतात, त्यामुळे वाहिनी त्या आठवड्यातच बघावी. एकत्र बघायला येणार असाल तर शनिवारपेक्षा रविवारी या, बाद फेरी तेव्हा असते. सेव-उसळ आपापली.

20. मुलीला खेळायचंय. वय अकरा. नाक-तोंड फुटेल का?

टॅकलने सुरुवात करूच नका. टच किंवा टॅग प्रकारात नुसता हात लावायचा किंवा कमरेची पट्टी ओढायची असते. धावणं, मागे पास, जागा शोधणं सगळं त्यात येतं. चेंडू चार नंबरचा घ्या, मोठ्यांचा पाच नंबरचा तिच्या हातात मावणार नाही. मैदानात गवत असावं. मे महिन्यातली बडोद्याची जमीन म्हणजे फरशी, तेव्हा संध्याकाळी उशिरा आणि फक्त पळणं.

पुढे टॅकल शिकायचं झालं तर आधी पडायला शिकवणारा प्रशिक्षक शोधा. आखाड्यात किंवा ज्युदोत वाढलेल्या मुलांना हे आपोआप येतं. माउथगार्ड सक्तीचा समजा. आणि डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. मुलगी "मी ठीक आहे" म्हणाली तरी नाही. धोका शून्य आहे असं सांगणाऱ्या प्रशिक्षकाकडे पाठवू नका.

21. अशी स्पर्धा आपल्याकडे होईल का? कोटंबीला एवढं मोठं स्टेडियम झालंय.

आकार पुरेल. क्रिकेटच्या मैदानात रग्बीचं मैदान आरामात बसतं. अडचण मधोमध आहे: कडक मातीची खेळपट्टी. तिच्यावर टॅकल म्हणजे रस्त्यावर टॅकल, आणि तिच्यावरून बुटांचे खिळे फिरवायला कुठलाही क्युरेटर तयार होणार नाही.

अहमदाबादला 2030 चे राष्ट्रकुल खेळ मिळालेत म्हणून बरेच जण तिकिटाचं विचारतात. खेळ दर वेळी बदलतात. 2026 च्या ग्लासगोच्या यादीत सेव्हन्स नाही. तेव्हा पैसे साठवा, सुट्टी इतक्यात टाकू नका. हाँगकाँगला जायचं असेल तर भारतीय पासपोर्टवर निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती विसरून विमानतळावर अडकू नका.

22. बहिणीचा मुलगा ऑकलंडला जन्मलाय, तिकडे छान खेळतो. आई बडोद्याची. तो भारताकडून खेळू शकतो?

जागतिक रग्बीच्या नियमानुसार हो. खेळाडू स्वतः, त्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी त्या देशात जन्मलं असेल, किंवा तो सलग पाच वर्षं फक्त तिथल्याच रग्बी संघटनेकडे खेळाडू म्हणून नोंदलेला असेल, तर तो पात्र.

पण आपल्या सरकारचं धोरण वेगळं: भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट हवा. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. दुहेरी नागरिकत्वाची सोय नसल्याने त्याला न्यूझीलंडचा पासपोर्ट सोडावा लागेल. हा निर्णय मामाने रविवारी फोनवर देण्यासारखा नाही.

उलट बाजूही विचारली जाते: इथला मुलगा शिकायला तिकडे गेला तर? सलग पाच वर्षं फक्त तिथल्याच संघटनेकडे नोंदलेला राहिला की न्यूझीलंडकडून खेळायला पात्र, मात्र ऑलिंपिकसाठी त्या देशाचं नागरिकत्वही लागतं. आणि एकदा एका देशाच्या मुख्य संघाकडून उतरला की बांधला गेला. 2022 पासून एक पळवाट आहे: तीन वर्षं कुठल्याच देशाकडून न खेळता थांबला, आणि नव्या देशात तो स्वतः किंवा त्याचे आई-वडील, आजी-आजोबांपैकी कुणी जन्मलं असेल, तर आयुष्यात एकदा देश बदलता येतो. नुसत्या नोंदणीने मिळवलेल्या पात्रतेवर ही सवलत लागू होत नाही.